टेम्पोतली फोमची खोली : गोंद आणि रंगाच्या नोंदी

२ फेब्रुवारी, रविवार

टेम्पोच्या हौद्याचं माप घेतलं. आतून ७ फूट २ इंच लांब, ४ फूट १० इंच रुंद. त्यात चढवता-उतरवता येईल अशी पेटी करायची आहे : ७ फूट लांब, ४ फूट ८ इंच रुंद, ५ फूट उंच. रस्त्यानं जाताना तिच्यात चादरी-टॉवेलांचे गठ्ठे. मुक्कामाला सेलचं टेबल लागलं की पेटी रिकामी, आणि तीच माझी झोपायची खोली. चालत्या गाडीत आत कोणी बसायचं नाही, हे हिनं आधीच वदवून घेतलंय.

वर्षातले साठेक दिवस मी लातूर, विजापूर, कलबुर्गी असा सेल लावत फिरतो. लॉजवर गेलो तर दिवसाचा नफा रात्रीच जातो, टेम्पोत झोपलो तर डास. मागच्या पावसाळ्यात ताडपत्रीतून पाणी झिरपून दोन गठ्ठे भिजले. भिजलेली चादर कुणी विकत घेत नाही, वाळवून घरात वापरावी लागते. आमच्याकडे आता वऱ्हाड उतरलं तरी पुरतील इतक्या चादरी आहेत.

पत्र्याची पेटी केली तर सोलापूरच्या मे महिन्यात भट्टी. १२ मिलिमीटर प्लायची केली तर नुसतं प्लायच सव्वाशे किलोच्या घरात, वर सांगाडा वेगळा. म्हणून फोम.

५ फेब्रुवारी

फोम आला. कोल्ड स्टोरेजची कामं करणाऱ्या एकाकडून एक्सपीएसचे, म्हणजे एक्स्ट्रूडेड पॉलिस्टायरीन फोमचे, तक्ते घेतले, सव्वा मीटर बाय ६० सेंटिमीटर. भिंतींना ५० मिलिमीटर जाडीचे, तळाला आणि छताला २५चे, दोन थरांत सांधे मोडून लावायला.

थर्माकोल आणि हा, दोन्ही पॉलिस्टायरीनच. पण थर्माकोल म्हणजे फुगवलेले दाणे वाफेनं एकमेकांना चिकटवलेले. मोडला की साबुदाणा सांडतो, आणि दाण्यांच्या फटींतून पाणी आत शिरतं. एक्सपीएस वितळलेल्या स्थितीतच फुगवून सलग पट्ट्यासारखा बाहेर काढतात. आतल्या पेशी बंद, पाणी जवळजवळ पीतच नाही. घनता ३२ किलो प्रति घनमीटर, म्हणजे ५०चा एक तक्ता १ किलो २०० ग्रॅम. सगळ्या पेटीला १७ चौरस मीटरच्या आसपास फोम लागेल, वजन २७ किलो.

शेजारच्या अण्णांनी एक तक्ता बोटावर तोलून पाहिला. "पैसे देऊन हवा आणलीत की हो."

९ फेब्रुवारी, रविवार

आज गोंदांची परीक्षा. मामा सकाळीच आले. मामांनी चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आला आणि ब्रश माळ्यावर गेले, पण रंगाच्या डब्याचं झाकण उघडताना अजून डोळे मिटून वास घेतात. त्यांचा सिद्धांत एकच : ज्याला वास नाही त्याला जोर नाही.

गच्चीच्या कठड्यावर फोमचे पाच तुकडे मांडले.

पहिल्यावर सनमायका आणि चपला चिकटवायचं पिवळं सोल्यूशन. मामांची निवड. क्षणभर काही झालं नाही. मग ब्रशच्या कडेला फोम चकाकला, आणि चहात जास्त वेळ धरलेली खारी जशी मान टाकते तसा तो बसत गेला. मिनिटाभरात रुपयाएवढा खड्डा, तळाशी चिकट तार. सोल्यूशनमधल्या रबराचा यात काही दोष नाही. रबर ज्यात विरघळवलेलं असतं ते टोल्युइनसारखं द्रावक पॉलिस्टायरीनलाही तितक्याच प्रेमानं विरघळवतं. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश काढायचं अॅसिटोन, सगळी एकाच माळेतली.

दुसऱ्यावर फायबरचे दरवाजे करणाऱ्याकडून वाटीभर आणलेलं पॉलिस्टर रेझिन. मामांचं सुरुवातीपासून म्हणणं होतं की फोमवर फायबर मारून घे, मोकळा हो. पण या रेझिनचा तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, स्टायरीन असतं. ज्या स्टायरीनपासून हा फोम जन्मला तेच. मायनंच लेकराला गिळलं. कडक व्हायच्या आत रेझिननं फोममध्ये बोटभर बीळ केलं.

तिसऱ्यावर एपॉक्सी, दोन नळ्या समसमान. यात द्रावक नसल्यासारखंच, फोमला काही झालं नाही, दुसऱ्या दिवशी दगड. पण सतरा चौरस मीटरला एपॉक्सी म्हणजे पेटी विकून पेटी करण्यासारखं. शिवाय वाटीत जास्त कालवलं की स्वतःच्याच उष्णतेनं ते तापतं, आणि हवा दहा अंशांनी चढली की हाताळायचा वेळ साधारण निम्मा होतो. एप्रिलमध्ये गच्चीवर हे जमायचं नाही. बिजागऱ्यांपुरतं ठेवू.

चौथ्यावर पांढरा गोंद, पाण्याला टिकणारा, ज्याच्या डब्यावर डी ३ लिहिलेलं असतं तो. पाचव्यावर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा गोंद. हे दोन्ही शांत.

मामांनी पांढऱ्या गोंदाचा वास घेतला आणि डबा माझ्याकडे सरकवला. "शाळेतल्या पोरांचं आहे हे."

चौथा आणि पाचवा नीट तपासायचे म्हणून फूट बाय फुटाचे २५चे तुकडे जोडीजोडीनं चिकटवून वर विटा ठेवल्या.

१७ फेब्रुवारी

आठ दिवसांनी पांढऱ्या गोंदाची जोडी उघडली. उघडली म्हणजे सुरीचं टोक घातलं आणि ती आपसूक सुटली. कडेनं इंचभर पट्टा वाळून काचेसारखा पारदर्शक झालेला, तिथं फोम फाटला पण गोंद सुटला नाही. आणि मधे? मधे गोंद कालच लावल्यासारखा पांढरा, ओला, बोटाला दुधासारखा लागणारा. आठ दिवस झाले तरी.

मी दहा मिनिटं ते बघत बसलो. आजवर गोंद घेताना मी दुकानदाराला एकच विचारायचो, किती घट्ट धरतो? इथं विचारायचं होतं ते हे की याच्यातलं पाणी जाणार कुठून. पांढरा गोंद पाणी उडून वाळतो. लाकडाला लावला तर लाकूड ते पाणी पितं, म्हणून सुताराला कधी अडचण येत नाही. दोन बंद पेशींच्या तक्त्यांमध्ये कोंडलेलं पाणी फक्त कडेनंच निघू शकतं, आणि कडा वाळल्या की तीही वाट बंद.

त्याच डब्यातला गोंद लावून फोमवर मांजरपाटाचा तुकडा डकवला होता. तो चार तासांत वाळला होता. ओढला तर कापडाबरोबर फोमची साल आली.

म्हणजे तक्त्याला तक्ता जोडायला पीयू, तक्त्याला कापड लावायला पांढरा. प्रश्न मिटला.

पीयूचं उलट आहे. त्याला वाळायला पाणी लागतं, हवेतली ओल घेऊन तो घट्ट होतो. आपल्याकडे फेब्रुवारीतच हवा कोरडी ठणठणीत, त्यामुळे नुसता लावलेला दुसऱ्या दिवशीही मधे चिकट होता. दुसऱ्या जोडीत एका तक्त्यावर इस्त्रीच्या फवाऱ्यानं पाण्याची वाफेसारखी झुळूक मारली होती, ती तीन तासांत पक्की. पीयूला फार वास येत नाही, पण ओल्या पीयूत आयसोसायनेट असतं, छातीला वाईट. हातमोजे घालायचे आणि काम उघड्यावर. वासावरून औषध ओळखता येत नाही आणि विषही नाही, असं मामांना म्हणालो. ते चहा घ्यायला खाली गेले.

२३ फेब्रुवारी, रविवार

तक्त्यांच्या दोन्ही अंगांवर कारखान्यातून येतानाच एक गुळगुळीत कातडी असते. तिच्यावर गोंद धरत नाही. ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं सगळे तक्ते खरवडले. घरभर गुलाबी भुकटी. ती अंगाला स्थिर विजेनं चिकटते आणि झटकली की परत चिकटते. हिनं मला अंगणातच आंघोळ घातली.

कापायला साखर पेठेतल्या एका ओळखीच्या मखरवाल्याकडून गरम तारेचं धनुष्य आणलं. २०१८ला राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हापासून ते खुंटीला टांगलेलं होतं. तार लाल होऊ द्यायची नाही. लाल झाली की फोम कापला न जाता जळतो आणि धूर निघतो. वळणाच्या कापाला धनुष्य, सरळ कापाला हॅक्सॉचं पातं. पातंच बरं वाटलं.

२ मार्च, रविवार

तळ जोडला आणि फसलो.

खालचे तक्ते मांडले, पाणी फवारलं, पीयूच्या वेड्यावाकड्या रेघा ओढल्या, वरचे तक्ते ठेवले, त्यावर चादरींचे चार गठ्ठे. जेवून आलो तर मधला तक्ता चार मिलिमीटर वर आलेला आणि शेजारच्यापासून बोटभर सरकलेला. पीयू घट्ट होताना फुगतो, हे वाचलं होतं. पण गठ्ठे मधोमध रचले आणि कडा मोकळ्या सोडल्या. गोंदानं कडेकडेनं तक्ता उचलला.

सुरीनं तो तक्ता सोडवायला दीड तास. दुसऱ्या खेपेला पीयू निम्मा लावला, ब्रशनं पसरवून. प्रत्येक तक्त्यात कबाबच्या बांबूच्या काड्या तिरप्या टोचल्या, म्हणजे सरकायला जागाच नाही. गठ्ठे सगळीकडे सारखे. गोंद फुगलेला जास्त दिसला म्हणजे जास्त धरला असं नाही. फुगलेला पीयू आतून बुडबुड्यांचा असतो, बोटानं चुरतो. दाबून पातळ राहिलेला तोच खरा.

हातमोजा फाटला होता हे उशिरा कळलं. हाताला लागलेला पीयू साबणानं, रॉकेलनं, कशानंच जात नाही. दोन दिवसांनी काळा पडतो. आठवडाभर गिऱ्हाईक पैसे देताना माझ्या बोटांकडे बघत होतं.

९ मार्च

भिंती उभ्या राहिल्या. फोममध्ये स्क्रू धरत नाही, म्हणून बिजागऱ्या, कडी आणि पट्टे अडकवायच्या जागी खाच करून प्लायचे ठोकळे एपॉक्सीनं बसवले. बाहेरच्या सगळ्या कडा गोल घासल्या. काटकोनात कापड वळत नाही, उचलतं.

१५ मार्च, शनिवार

कापड. या नोंदीसाठीच खरं तर ही वही काढली असं म्हटलं तरी चालेल.

फोमची ताकद फोममध्ये नाही. नखानं दाबला तरी खड्डा पडतो. ताकद येते ती दोन्ही अंगांनी ताणून डकवलेल्या कापडातून आणि त्यात मुरलेल्या गोंद-रंगातून. मधला फोम फक्त दोन कापडांना एकमेकांपासून लांब धरतो. परदेशात लोक यासाठी कॅनव्हास शोधत फिरतात. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. माझ्या खिडकीतून दिवसभर मागांचा आवाज येतो. कापडाला मी बाहेर कशाला जाऊ?

अण्णांनी सुचवलं, नाकारलेल्या चादरी वापरा, फुकट आहेत. विचार मोहाचा होता. पेटीवर बाहेरून सोलापुरी चादरीचीच नक्षी! फूटभर तुकडा डकवून पाहिला. चादरीचा बाणा जाड, दुपदरी विण, सगळा गोंद ती पोटात घेते. एक ब्रश, दुसरा, तिसरा, तरी कापड कोरडं ते कोरडंच. वाळल्यावर वजन केलं तर त्याच मापाच्या मांजरपाटाच्या चौपट. आणि तीन दिवस मधून ओलसर. चादर अंगावर घ्यायलाच बरी.

मग साधं कोरं मांजरपाट, मागावरून उतरलेलं, न धुतलेलं. त्यावर गोंदाचा ब्रश फिरवला तर गोंद मण्यांसारखा वर उभा राहिला, मुरेचना. मी गोंद पातळ केला, तरी तेच. अण्णांनी कापड चिमटीत धरून चुरगाळलं, कानाजवळ नेलं.

"खळ आहे यात. ऐका, कागदासारखं वाजतंय."

ताण्याचे धागे मागावर तुटू नयेत म्हणून त्यांना आधी खळ पाजतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. सायझिंगच्या त्या आंबूस वासात आम्ही वाढलो. पण वाळलेली कांजी धाग्यांवर बसलेली असताना गोंद आत कुठून शिरणार, हे डोक्यात आलं नाही. इथंही पुन्हा तेच, जायला वाट नाही. सगळं कापड रात्रभर कोमट पाण्यात सोड्याबरोबर भिजवलं, सकाळी दोनदा खळबळून काढलं. पाणी पिठूळ झालं. एका मीटरमागे दोन बोटं आखडलंही. ते आधीच आखडलं हे बरं, नाहीतर पेटीवर आखडून कोपऱ्यांतून सुटलं असतं.

धुतलेल्या तुकड्यावर गोंद लावला. पहिल्याच हाताला कापड पांढऱ्याचं करडं झालं आणि खालचा गुलाबी फोम दिसायला लागला. मुरलं.

२३ मार्च, रविवार

भिंतींना कापड. गोंदात दहावा हिस्सा पाणी. आधी फोमवर हात, मग कापड मधून कडेकडे हातानं सारत, मग वरून दुसरा हात. सांध्यावर दोन इंच एकावर एक.

दुपारी काम करायची चूक केली. ३९ अंशांत आणि वाऱ्यात गोंद ब्रशखालीच सुकत होता. एका जागी कापड ओढून परत बसवलं तिथं खाली गुठळी राहिली. उरलेल्या भिंती संध्याकाळी सहानंतर केल्या, बल्ब लावून. दोन फुगे आले. ब्लेडनं फुलीचा काप देऊन गोंद पाजला आणि इस्त्री अगदी मंद ठेवून कागदावरून फिरवली. पांढरा गोंद उष्णतेनं मऊ पडतो, त्याचा इथं फायदा झाला. पण जो इस्त्रीनं मऊ पडतो तो उन्हानंही पडेल. हे रंग निवडताना आठवायला हवं.

३० मार्च, गुढीपाडवा

काम नाही. मामांनी पेटीला हळदकुंकू लावलं. कुंकू गोंदात बसलं. राहू दे, रंगाखाली राहील.

६ एप्रिल, रविवार

मागच्या कोपऱ्याला शिडी लागून खड्डा पडला होता आणि कापडही फाटलं होतं. मी विजापूरला असताना मामांनी परस्पर दुरुस्ती केली. टेम्पोच्या बॉडीला भरतात ती लांबी, म्हणजे पुट्टी, हार्डनर कालवून, पाटीवर भरतात तशी सफाईनं भरली. ती पॉलिस्टरची. वरून कोपरा आरशासारखा गुळगुळीत. मी आल्यावर बोट दाबलं तर पापडासारखं आत गेलं. खाली मुठीएवढी पोकळी.

मामा काही बोलले नाहीत. मीही नाही. तेवढा भाग चौकोनी कापून नवा ठोकळा बसवला, कापड लावलं. पाण्यात कालवायची भिंतीची लांबीही इथं चालत नाही, सिमेंटची असते, पेटी हलली की तडकेल. खड्डे भरायला गोंद आणि फोमचीच भुकटी कालवली, चपातीच्या कणकेइतकी घट्ट. ती कुणाचं काही बिघडवत नाही.

संध्याकाळी मामांनी ऑइल पेंटचा विषय काढला. त्यांचं म्हणणं, आता फोम उघडा कुठं आहे, कापड आणि गोंद आहे ना मधे. मुद्दा बिनतोड आहे. गोंदाचा थर अखंड असेल तर टर्पेंटाइन खाली पोचणार नाही. पण सतरा चौरस मीटरमध्ये टाचणीएवढं भोक कुठंच नसेल याची हमी कोण देणार? टर्पेंटाइन सोल्यूशनसारखं झटक्यात खात नाही, सावकाश खातं, म्हणजे कळेपर्यंत वर रंग वाळून चकाकत असणार. आणि ऑइल पेंट वर्षभरात कडक होतो. कापड ऊन-थंडीनं हलतं, हा हलत नाही, मग भेगा. बाहेरच्या भिंतीचं अॅक्रिलिक इमल्शन पाण्यातलं असतं, वाळल्यावर किंचित ताणलं जातं.

"म्हणजे चुन्याचा मोठा भाऊ," मामा म्हणाले.

१३ एप्रिल, रविवार

मामांना मोरपंखी हवा. मला पांढरा. भांडण सोडवायला फोमचे तीन तुकडे कापड लावून रंगवले : काळा, मोरपंखी, पांढरा. चौथा काळा, पत्र्यावर. दुपारी दीडला गच्चीवर हवा ४१ अंश. उसना आणलेला बंदुकीचा थर्मामीटर रोखला.

पांढरा ४७. मोरपंखी ६३. पत्र्यावरचा काळा ६६. फोमवरचा काळा ७४.

मामांना शेवटचे दोन पटेनात, त्यांनी बंदूक हातात घेऊन स्वतः रोखली. रंग एकाच डब्यातला, मग आठ अंशांचा फरक कुठून? पत्रा तापला की खालूनही उष्णता सोडतो. फोम उष्णता आत जाऊच देत नाही, सगळी कातडीतच अडकते. जी गोष्ट मला आत गार ठेवते तीच रंगाला वर भाजते. पॉलिस्टायरीनचे तक्ते ७५ अंशांच्या पुढं वापरू नयेत असं विकणारेच सांगतात, आणि पांढरा गोंद त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतो. काळ्या तुकड्याच्या कोपऱ्यात कापड सुटून फुगलंच होतं. मामांनी तो फुगा अंगठ्यानं दोनदा दाबला. सोडला की परत वर.

भिंती पांढऱ्या. छताला गच्चीवर मारतात तो उन्हाचा पांढरा, रबरासारखा ताणणारा. मोरपंखी अक्षरांपुरता.

२० एप्रिल ते ४ मे

पहाटे साडेपाच ते साडेआठ रंग. पहिला हात पाणी घालून पातळ, कापडाच्या छिद्रांत उतरावा म्हणून. त्यावर दोन जाड. छताला तीन, एक आडवा, एक उभा, परत आडवा. दोन हातांमध्ये एक दिवस, घाई केली तर खालचं पाणी वरच्या थरात फोड आणतं. आतून एकच हात, फिकट बदामी. हिचा रंग.

७ मे

गठ्ठे तोलायच्या काट्यावर पेटी ठेवली. ६४ किलो. दोघांनी उचलून हौद्यात. इतकी हलकी की न बांधता नेली तर हायवेवर मागच्याच्या काचेवर जाईल. चार रॅचेटचे पट्टे, वरून दोन दोर.

११ मे, रविवार

रात्री वळीव. आधी धूळ, मग गारांसारखे थेंब. बॅटरी घेऊन आत जाऊन बसलो. छत कोरडं, भिंती कोरड्या, दार कोरडं. मी खूश. मग मांडीवर थेंब.

वरची हवेची जाळी. भोवतीनं कापडाची कड मी सुरीनं सरळ कापली होती आणि रंग जाळीच्या चौकटीपर्यंतच मारला होता. चौकटीखाली दोराभर कापड उघडं राहिलेलं. फोम पाणी पीत नाही, रंग पीत नाही, पण उघडी सुती कड म्हणजे निरांजनाची वात. तिनं बाहेरचं पाणी ओढून रंगाखालून चार इंच आत आणलं. बॅटरीच्या उजेडात तो डाग कापडातून पुढं सरकताना दिसत होता, धाग्याधाग्यानं.

१८ मे

जाळी काढली. ओलं कापड तीन दिवस वाळवून कापलं, नवी पट्टी भोकाच्या आतल्या अंगाला वळवून डकवली, कडेला गोंद पाजला, तीन हात रंग, मगच चौकट, तिच्याखाली सीलंट. दाराच्या आणि खालच्या जाळीच्या कडाही उघडून तपासल्या. खालची तशीच निघाली. पावसानं तिथवर पोचायला वेळ घेतला एवढंच.

२५ मे

हिप्परगा तलावाजवळ पहिला मुक्काम, चिरंजीव आणि मी. दोन्ही जाळ्या उघड्या, खालून वारा आत, वरून बाहेर. आत स्टोव्ह नाही, मच्छर अगरबत्ती नाही, मेणबत्ती नाही. पॉलिस्टायरीन पेटला तर काळा धूर आणि जळते थेंब पडतात, यावर घरात चर्चा नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बाहेर सतरंजीवर खाल्ली. मच्छरदाणी आतून. पहाटे चिरंजीवांनी माझी चादर ओढून घेतली.

१ जून, रविवार

मामा पेटीच्या मागच्या भिंतीवर नाव लिहायला बसले. पांढऱ्या इमल्शनमध्ये निळे-हिरवे स्टेनर घालून मोरपंखी त्यांनीच कालवला, तीन वेळा सुकवून बघून, कारण हा रंग वाळल्यावर गडद होतो. ब्रश माळ्यावरून काढलेले, खारीच्या केसांचे. डाव्या हातात टेकू काठी, तिच्यावर उजवं मनगट.

"घसरत नाही रे हा. ओढावा लागतो." पहिल्या अक्षराला त्यांनी दोनदा शिवी हासडली. मग रंगात चमचाभर पाणी घातलं, ब्रश कमी भरला, आणि 'चा'चा काना एका दमात वरून खाली आला. अण्णा मागे उभे राहून बघत होते, बोलत नव्हते. 'सोलापुरी चादरी व टॉवेल' झालं, खाली फोन नंबर झाला, नंबराभोवती मामांची जुनी वेलबुट्टी झाली, जी मी सांगितली नव्हती.

सगळं आवरल्यावर त्यांनी रॉकेलची बाटली मागितली, मग आठवून स्वतःच नळाखाली ब्रश धरला. मोरपंखी पाणी मोरीत गेलं. ब्रश पिळून त्यांनी सवयीनं नाकाशी नेला, डोळे मिटले.

"काहीच येत नाही," म्हणाले, आणि परत एकदा हुंगला.